आठ पॅड, शेकडो आवाज आणि एक ढोलकी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्याला ऑक्टोपॅड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आगरी-कोळ्यांची हळद असो, गणपतीची मिरवणूक असो, की एखाद्या कारखान्यातल्या पूजेनंतरचा ऑर्केस्ट्रा असो. बेंजोशेजारी स्टँडवर एक चपटी पेटी दिसते. तिच्यावर रबराचे आठ चौकोन असतात. वादक दोन काठ्यांनी त्यांवर टिपऱ्या मारतो आणि कर्ण्यांतून कधी ढोल, कधी झांज, कधी काच फुटल्याचा आवाज येतो.

अंबरनाथ एमआयडीसीच्या वेशीवरच्या वस्तीतला अकरावीचा एक विद्यार्थी असेच एक जुने यंत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याचे आजोबा तीस वर्षे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. त्याआधी गावाकडे त्यांनी कलापथकात ढोलकी वाजवली होती. मुलाचा प्रश्न सरळ होता. "सर, यात ढोलकीचा आवाज आहे. पण आजोबा म्हणतात, ही ढोलकी नव्हे, हे नुसतं ढोलकीचं नाव आहे. त्यांची ढोलकी यात घालता येईल का?"

प्रश्न छोटा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना ध्वनी, वीज, स्थितिस्थापकता आणि थोडे गणित असे अकरावीच्या भौतिकशास्त्राचे निम्मे पुस्तक उघडावे लागते. म्हणूनच तो येथे मांडत आहे.

पॅडमध्ये आवाज नसतो

प्रथम एक गैरसमज दूर करू. ढोलकी वाजते तेव्हा कातडे कंप पावते आणि तोच कंप हवेतून आपल्या कानापर्यंत येतो. ऑक्टोपॅडचे रबर मात्र आवाज करीत नाही. वीज बंद करून त्यावर काठी मारली, तर टप् असा मंद आवाज येतो, एवढेच.

रबराखाली पितळेची एक पातळ चकती असते आणि तिच्यावर विशिष्ट सिरॅमिकचा थर असतो. हा थर दाबला वा वाकवला गेला की त्याच्या दोन बाजूंमध्ये विभवांतर निर्माण होते. याला दाबविद्युत् परिणाम म्हणतात. झाक आणि पिअर क्यूरी या भावांनी तो १८८० साली स्फटिकांमध्ये दाखवून दिला. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरची ठिणगी याच परिणामाने पडते.

काठी पडली की चकतीतून विजेचा एक छोटा ठोका निघतो. यंत्र त्याची उंची मोजते. जोरात मारले तर ठोका उंच, हळू मारले तर बुटका. ही उंची १ ते १२७ यांपैकी एका अंकात बसवली जाते. मग पुढे तीनच गोष्टी कळवल्या जातात : सूर सुरू करा (आणि तो कोणत्या मार्गिकेवर), त्याचा क्रमांक किती, आणि आघाताचा जोर किती.

या तीन अंकांची भाषा म्हणजे 'मिडी'. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ती १९८३ साली ठरवण्यात आली. मिडीच्या मूळ तारेतून सेकंदाला ३१,२५० द्विमान अंक जातात. एका निरोपात तीन बाइट असतात आणि प्रत्येक बाइटसाठी १० द्विमान अंक खर्च होतात. म्हणजे ३० भागिले ३१,२५०, साधारण एक सहस्रांश सेकंद. एवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर पुढे जातो.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली 'ऑक्टोपॅड' या नावाचे पहिले यंत्र, पॅड-८, बाजारात आणले. त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता! ते फक्त निरोप पाठवी. आवाज दुसऱ्या यंत्रातून निघत. पुढच्या यंत्रांत आवाजही आतच भरले गेले. १९९८ च्या एसपीडी-२० या यंत्रात असे सातशे आवाज होते, आणि ते आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत घरोघरचे झाले.

आघात ओळखणारा भाग वेगळा आणि आवाज काढणारा भाग वेगळा, हे एकदा ध्यानात आले की आवाज वाढवण्याचे दार उघडते. पॅड तेच ठेवून त्यामागचा आवाज आपण बदलू शकतो.

आवाज साठवायचा कसा?

शाळेत आपण दिवसभराचे तापमान दर तासाला मोजून आलेख काढतो. दोन नोंदींमधला भाग आपण रेषेने जोडतो. आवाज साठवण्याची रीत अशीच आहे. फक्त नोंदी फार जवळजवळ घ्याव्या लागतात. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. नियम असा, की सर्वांत उंच वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा नोंद घ्यावी. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नोंदी ठरल्या. प्रत्येक नोंद १६ द्विमान अंकांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. अशा नोंदींच्या माळेला 'सॅम्पल' म्हणतात. आपण तिला नमुना म्हणू.

एका सेकंदाच्या नमुन्याला ४४,१०० गुणिले २, म्हणजे ८८,२०० बाइट लागतात. आज हे काहीच नाही. पण १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ हे यंत्र काढले, तेव्हा स्मृतीच्या चकत्या फार महाग होत्या. खऱ्या ड्रमचे नमुने असलेले हे पहिले तालयंत्र. त्यात नोंदी सेकंदाला सुमारे २८,००० आणि आठच द्विमान अंकांच्या होत्या. तरीही मोठ्या झांजेचा आवाज त्यात घातला नव्हता. ढोलाचा ठोका चटकन विरतो. झांज मात्र कित्येक सेकंद वाजत राहते. तेवढी स्मृती परवडत नव्हती. यंत्रात कोणता आवाज असावा हे तेव्हा संगीताने नव्हे, तर पैशाने ठरवले.

पुढे आणखी एका गोष्टीने ते ठरवले. १९९१ साली आवाजांच्या क्रमांकांची एक सर्वसाधारण यादी केली गेली. तिच्यात तालवाद्यांसाठी ३५ ते ८१ असे ४७ क्रमांक आहेत. त्यांत बोंगो, कोंगा, ग्विरो, कुईका ही लॅटिन अमेरिकी संगीतातली वाद्ये आहेत. तबला, ढोलकी, संबळ, हलगी यांपैकी एकही नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. यादी करणाऱ्यांनी आपल्या कानावर पडणारी वाद्ये लिहिली. आपली वाद्ये हवी असतील तर ती आपण घालायला हवीत.

पहिला उपाय : आहे तोच आवाज ताणणे

यंत्रात नवा आवाज घालण्याआधी मुलाने सोपा उपाय करून पाहिला होता. यंत्रातल्या पाश्चात्त्य ड्रमचा आवाज घ्यायचा आणि तो चढवायचा. नमुना दीडपट वेगाने वाचला की त्यातली प्रत्येक वारंवारता दीडपट होते आणि अर्ध्या सेकंदाचा आवाज एक तृतीयांश सेकंदात संपतो. असे एका आवाजाचे दहा आवाज करता येतात. कारखान्यातून आलेल्या शेकडो आवाजांपैकी बरेचसे असेच एकमेकांचे भाऊबंद असतात.

पण यातून ढोलकी का निघत नाही? याचे उत्तर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या कामात आहे. प्रकाशाच्या शोधाबद्दल नोबेल मिळण्याच्या दहा वर्षे आधी, १९२० साली, रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर' या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर एक टिपण लिहिले. १९३४ साली रामन यांनी याच विषयावर सविस्तर निबंध लिहिला.

साधे, सगळीकडे सारखे जाड कातडे ताणून वाजवले, तर त्यातून एकच सूर निघत नाही. मूळ वारंवारता १ मानली, तर बाकीच्या वारंवारता १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा असतात. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून कानाला 'धब्' असे ऐकू येते. नेमका सूर सापडत नाही. आपल्या वाद्यांवर मात्र मध्यभागी शाई असते. तिच्या वजनाने कातड्याचा मधला भाग जड होतो आणि वारंवारता जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा ओळीत येतात. हे गुणोत्तर तारेसारखे आहे. म्हणून तबला किंवा ढोलकीची शाईची बाजू सुरात लावता येते.

आता नमुना ताणण्याकडे परत येऊ. वेग वाढवला की सगळ्या वारंवारतांना एकाच संख्येने गुणले जाते. १ आणि १.५९ यांना दोनाने गुणले तर २ आणि ३.१८ मिळतात. गुणोत्तर तेच राहते! कितीही गुणा, १.५९ चे २ होणार नाही. ताणल्याने ड्रम लहान वा मोठा झाल्यासारखा वाटेल, पण त्याला शाई लागणार नाही. आजोबांचे 'नुसतं नाव' हे बोलणे असे गणिताने सिद्ध होते.

दुसरा उपाय : नवा नमुना घेणे

मग आजोबांचीच ढोलकी नोंदवायचे ठरले. मुलाला वाटले, एक ठोका नोंदवला की काम झाले. तसा नोंदवून त्याने संगणकातून वाजवूनही पाहिला. पहिले दोन ठोके सुंदर वाटले. पण लग्गी वाजवायला लागल्यावर बंदुकीच्या फैरीसारखा आवाज येऊ लागला. का बरे?

दोन कारणे आहेत. पहिले असे, की माणसाचे कोणतेही दोन आघात तंतोतंत सारखे नसतात. बोट केसभर सरकते, कातडे आधीच्या ठोक्याने अजून हलत असते. तोच नमुना सेकंदात आठ वेळा ऐकला की कानाला नक्कल लगेच कळते. उपाय म्हणजे एकाच बोलाचे तीन-चार वेगळे नमुने घेऊन ते आळीपाळीने वाजवणे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जोराचा आघात म्हणजे हळू आघात मोठा केलेला, असे नसते. टेबलावर बोटाने हळू वाजवा, मग जोरात वाजवा. जोराच्या आघाताचा आवाज नुसता मोठा नाही, तो अधिक कडक, अधिक धारदार आहे. कारण त्यात उंच वारंवारतांचे प्रमाण वाढते. म्हणून जोराचे १ ते १२७ हे अंक चार गटांत वाटावेत आणि प्रत्येक गटाला वेगळा नमुना द्यावा.

हिशेब करू. ढोलकीचे सहा मुख्य आघात, प्रत्येकाचे चार जोर, प्रत्येक जोराचे तीन पर्याय. ६ × ४ × ३ = ७२ नमुने. प्रत्येक अर्ध्या सेकंदाचा धरला तर ४४,१०० बाइट. एकूण झाले ३१,७५,२००. एकेकाळी यासाठी तीन फ्लॉपी लागल्या असत्या. आज मोबाइलमधल्या एका फोटोइतकीच ही जागा. स्मृतीची अडचण संपली. आता अडचण आहे ती बहात्तर वेळा नीट वाजवण्याची आणि नीट ऐकण्याची.

मुलाचे यंत्र जुने, त्यात बाहेरचे नमुने भरण्याची सोय नव्हती. पण मिडीची तार जोडण्याची होती. पॅडचे निरोप संगणकात न्यायचे आणि आवाज तेथून काढायचा, असे केले. नमुने कापण्यासाठी 'ऑडॅसिटी' आणि जोरानुसार नमुने निवडण्यासाठी 'हायड्रोजन' ही दोन्ही सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. फक्त एक जपावे. संगणक नोंदींचे गठ्ठे करून आवाज बाहेर सोडतो. १,०२४ नोंदींचा गठ्ठा म्हणजे २३ सहस्रांश सेकंद उशीर. वादकाला काठी आणि आवाज यांत फट जाणवते. गठ्ठा २५६ नोंदींचा केला की उशीर सहावर येतो. दोन मीटरवरच्या कर्ण्यातून आवाज यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून तो खटकत नाही.

एमआयडीसीतले ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण कोठे करायचे हाही प्रश्नच होता. वस्तीत प्रेसचे धक्के, पंख्यांची घरघर, ट्रकचे भोंगे. त्यात विजेच्या तारांमुळे ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण ध्वनिमुद्रणात शिरते. ती एका नमुन्यात जाणवत नाही. पण नमुना सप्तकभर चढवला की ५० ची १०० होते. आठ नमुने एकदम वाजले की त्यांची मागची खरखर एकत्र येते. तिची शक्ती आठपट, म्हणजे नऊ डेसिबलने वाढते. यासाठी आम्ही कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडला, वर्गातला पंखा व ट्यूबलाइट बंद केली आणि खिडक्यांना सतरंज्या लावल्या.

येथे एक गोष्ट लक्षात आली, ती मला अपेक्षित नव्हती. यंत्रातली मूळ ढोलकी 'घुमत नाही' असे आजोबा म्हणत. डाव्या, घुमणाऱ्या बाजूबद्दलची त्यांची तक्रार अचूक होती. उजव्या, शाईच्या बाजूबद्दल मात्र त्यांची काहीच तक्रार नव्हती. नातवाला तीच बाजू बोथट वाटत होती. नव्या नमुन्यांपैकी जोराचा कोणता आणि मधला कोणता, हे आजोबांना उजव्या बाजूत सांगता येईना. वाजवणारे ते स्वतः असूनही.

कारण सांगायला वेगळा शोध लागत नाही. दीर्घकाळ मोठ्या आवाजात काम केले, की ऐकू येणे सर्वांत आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास कमी होते. बोलणे समजते, ढोल घुमलेला कळतो. पण आघाताची धार हरवते. हा ऱ्हास हळूहळू होतो, दुखत नाही आणि भरून येत नाही. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे; १०० डेसिबल असेल तर दोनच तास. मिरवणुकीत कर्ण्यांसमोर उभे राहून पाच-सहा तास ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या मुलांनी हे आकडे पाठ करावेत. कानात घालायचे बोळे काही रुपयांना मिळतात. नातवाने त्या दिवसापासून ते वापरायला सुरुवात केली.

उजव्या हाताचे नमुने मग नातवाच्या कानाने आणि डाव्याचे आजोबांच्या कानाने निवडले.

जे अजून राहिले

बहात्तर नमुने बसले. शाईच्या बाजूचे बोल खरे वाटू लागले. डावी बाजू मात्र अडली. ढोलकीवर डाव्या हाताने आघात केल्यावर हात उचलला जात नाही. तो कातड्यावर दाबला जातो आणि वाजत असलेला सूर वर चढतो. ढोलकीची सारी खुमारी त्या चढण्यात आहे. पॅडला मात्र फक्त आघात कळतो. आघातानंतर हात काय करतो, हे त्या तीन अंकांत सांगायला जागाच नाही.

मिडीत सूर वाकवण्याचा वेगळा निरोप आहे आणि त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत. पायाखालच्या पेडलवरून तो पाठवता येतो. म्हणजे डाव्या हाताचे काम पायाला शिकवायचे. दुसरा मार्ग म्हणजे चढत्या सुराचे काही नमुने तसेच्या तसे नोंदवून ठेवणे. पहिल्यात स्वातंत्र्य आहे पण सराव फार. दुसरा सोपा पण ठरावीक. मुलगा सध्या पेडलचा सराव करतो आहे.

आवाज वाढवणे म्हणजे यादीतली नावे वाढवणे, असे आपण समजतो. सातशेचे हजार झाले तरी प्रत्येक नावामागे एकच ठोका असेल, तर यंत्र श्रीमंत होत नाही. एकाच वाद्याचे जोर, बोल आणि वळणे त्यात उतरली तर होते. त्यासाठी ते वाद्य जाणणारा माणूस समोर बसलेला लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक फाइलीच्या नावात आजोबांचे नाव व तारीख घातली, आणि नमुने दुसऱ्या कोणाला द्यायचे झाल्यास त्यांना विचारायचे असे ठरवले.

वर्गात करून पाहा

१. घड्याळाच्या वा खेळण्याच्या गजरातली पितळी दाबविद्युत् चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. तिच्या दोन तारा एका छोट्या एलईडीला जोडा. अंधारात चकतीवर पेन्सिलच्या रबराने टिचकी मारा. एलईडी क्षणभर चमकेल. जोर कमी-जास्त करून फरक पाहा.

२. स्टीलच्या डब्यावर फुगा ताणून बांधा व वाजवा. मग फुग्याच्या मध्यभागी भिजवलेल्या कणकेची लहान गोळी चिकटवून वाजवा. गोळी थोडी थोडी वाढवा. सूर कसा बदलतो याची नोंद करा. जास्त कणीक झाली की काय होते?

३. मोबाइलवर बाकाचा एक हळू व एक जोराचा ठोका नोंदवा. हळू ठोक्याचा आवाज ऑडॅसिटीत जोराच्या ठोक्याइतका मोठा करा आणि डोळे मिटलेल्या मित्राला दोन्ही ऐकवा. तो फरक ओळखतो का? कशावरून?

४. आपल्या गावात संबळ, हलगी, ताशा, डफ यांपैकी काय वाजते? वादकाला विचारून त्याच्या सर्व आघातांची यादी करा. किती नमुने लागतील याचा हिशेब मांडा.

चौथा प्रयोग आधी करावा असे सुचवतो. यादी करायला गेलेली मुले बहुतेक वेळा वाद्य हातात घेऊनच परत येतात. नमुने ऐकून झाल्यावर आजोबांनीही नातवाला एवढेच सांगितले, "उजवा हात बरा आहे. डाव्याला अजून दाबायला शिकव." आणि कोपऱ्यातली ढोलकी त्याच्या मांडीवर ठेवली.